हिंगाच्या डबीतला गहू

(नवी मुंबईतील शरद व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि उद्याच्या कोजागरीचं दूध आजच आणून ठेवून इथे आलेले सगळे श्रोते,

पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘सणाचं ताट आणि ग्लुटेनमुक्त पाकिटं’. तिच्याच मागच्या पानावर अशाच पाकिटांची जाहिरात आहे. (हशा) जाहिरातदार सभागृहात असतील तर त्यांनी घाबरू नये. मी पाकिटांना शिव्या द्यायला आलेली नाही. खरं सांगायचं तर गेल्या वर्षीपर्यंत मी त्याच तयारीत होते. मग घरात एक गोष्ट घडली आणि माझी जीभ जरा आखडली. ती गोष्ट सांगेनच, पण आधी ताट वाढून घेऊ.

ताटाची डावी बाजू आठवा. वर मीठ, मग लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, खाली भजी, पापड, कुरडई. पंगतीत उजव्या बाजूचा तोरा असतो, भाजी, आमटी, पुरणपोळी. डाव्या बाजूला आपण तोंडी लावणं म्हणतो आणि विसरतो. मला आज डाव्या बाजूबद्दलच बोलायचंय. पोळीबद्दल बोलणार नाही, कारण पोळीत गहू आहे हे सगळ्यांना दिसतं. जो दिसतो त्याची भीती नसते.

सीलिअॅक हा आजार काय आहे हे मागच्या वर्षी इथेच एका डॉक्टरांनी तासभर सांगितलं होतं, म्हणून मी दोन वाक्यांत आटोपते. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे काही माणसांचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं, आतड्याची लव झिजते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. ही अॅलर्जी नव्हे, फॅशन तर नव्हेच, आणि यावर औषध एकच, जन्मभर ग्लुटेन बंद. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले, आणि त्या उपासमारीत त्याच्याकडची आजारी मुलं सुधारली. पाव परत आला, मुलं परत आजारी पडली. १९५०मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला. झाली पार्श्वभूमी.

आता गहू आपल्या घरात एवढा कसा शिरला, रेशन, अमेरिकेचा पीएल-४८०, बहात्तरचा दुष्काळ आणि सुकडी, हे सगळं इथल्या पांढऱ्या केसांना ठाऊक आहे. मी सांगत बसत नाही. एवढंच म्हणते की आपण आत्ता बसलोय ती जमीन भाताची आणि मिठागरांची. या शहरासाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या. करावे गावातली माझी एक मैत्रीण आहे, आगरी. तिच्या सासूच्या हयातीत त्यांच्या घरात चपाती पाहुण्यासारखी यायची, आली तर कौतुक, नाही आली तर कुणाचं अडायचं नाही. हळदीला तांदळाची भाकरी, गौरीला तांदूळ, पाहुण्याला तांदूळ. माझ्या नातीचं सीलिअॅकचं निदान झालं तेव्हा मी या मैत्रिणीकडे रडत गेले होते. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे नात आता आमच्यासारखं जेवणार, एवढंच ना?

(हशा) तुम्ही हसताय, मीही हसले होते. आणि तिथेच माझा अहंकार फुगला.

कारण मी रसायनशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवलीत आणि स्वयंपाकात त्याहून जास्त. हिशेब मांडला. चकलीची भाजणी, चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एकेक मूग आणि उडीद, धणे, जिरे. गहू कुठाय? चिवडा पोह्यांचा. शेव बेसनाची. लाडू बेसनाचे. अनारसे तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचे. भोगीला बाजरीची भाकरी, संक्रांतीला तिळगूळ, गौरीला घावन-घाटलं, नागपंचमीला पातोळ्या. मोदक करताना उकडीची एक करंजी करायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणजे करंजीसुद्धा मुळात आपल्याकडे बिनगव्हाची होतीच! मग मी घरात जाहीर केलं, पाकिटं कशाला? आपल्या आज्या ग्लुटेनमुक्तच रांधत होत्या.

हे वाक्य मी त्या वर्षी किती ठिकाणी ऐकवलं असेल! भिशीत, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, हार्बर लाइनच्या लेडीज डब्यात. टाळ्या मिळतात हो या वाक्याला. आत्ताही दोनचार वाजल्या. थांबा जरा.

तर, सून आधुनिक. तिने माझं न ऐकता दिवाळीला सहा पाकिटं मागवली. चकली, शंकरपाळे, करंजी, बेसनाचे लाडू, चिवडा, शेव. नेहमीच्या फराळाच्या तिप्पट भाव. इटलीत, जिथे पास्त्याशिवाय माणसाचा दिवस जात नाही, तिथे अशा रुग्णांना सरकार दरमहा ग्लुटेनमुक्त पदार्थांसाठी भत्ता देतं. आपल्याकडे असा भत्ता नाही, फक्त भाव आहे. आम्ही पाचजण टेबलाभोवती बसलो आणि परीक्षकासारखे एकेक पाकीट फोडत गेलो.

करंजीचं खोकं उघडलं तेव्हा सारण एकीकडे आणि करंजी एकीकडे होती. वाटेतच घटस्फोट. (हशा) शंकरपाळा हातात घट्ट, दाताखाली खडू आणि पुढच्या क्षणी नुसतं पीठ. घटक वाचले. तांदळाचं पीठ, टॅपिओका म्हणजे आपल्या साबुदाण्याचा भाऊ, झँथन गम, आणि पुढे इसबगोल! (मोठा हशा) हो, तेच, रात्री कोमट पाण्यातून घ्यायचं. माझे यजमान म्हणाले, शंकरपाळ्याची सगळी सोय एकाच घासात.

पण हसून सोडू नका, यात शास्त्र आहे. ग्लुटेन म्हणजे कणकेचा ताण. तो काढला की पीठ एकमेकांना धरत नाही, म्हणून बाहेरून चिकटवणारं काहीतरी आणावं लागतं. जगभरच्या ग्लुटेनमुक्त पावांत गवारीच्या बियांचा गोंद आणि इसबगोलाचा भुसा घालतात. यांतली गवार मुख्यतः राजस्थानची आणि इसबगोल गुजरातेत उंझ्याच्या बाजारातून. पश्चिमेचा पाव आपल्या शेतातल्या चिकटीवर उभा आहे, आणि आपण त्याच वाटेने मैद्याच्या शंकरपाळ्याची नक्कल करतोय. आपल्याकडे याला जुना उपाय होता, उकड. तांदळाची पिठी उकळत्या पाण्यात पडली की सत्तर अंशांच्या आसपास तिच्यातलं पिष्ट फुगतं, मऊ होतं आणि स्वतःच गोंद होतं. मोदकाच्या पारीला कळी पडते ती त्यामुळे. गम लागत नाही. तेवढं गरम असताना मळायची तयारी लागते, आणि हात भाजतात.

तिखटाच्या पाकिटांवर तर मी तुटून पडले. बेसनाच्या शेवेवर ‘ग्लुटेनमुक्त’? पाण्याच्या बाटलीवर ‘शाकाहारी’ लिहावं तसं! हे मी मोठ्याने म्हणाले. ती पाकिटं मी न फोडताच कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातचा चिवडा केला. पातळ पोहे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, सढळ फोडणी. नातीने चार दिवस तोच खाल्ला, शाळेतून आली की वाटी, अभ्यास झाला की वाटी. पाचव्या दिवशी तिचं पोट फुगलं, जुलाब सुरू झाले, आणि भाऊबीजेला पोर अंथरुणावर.

मी सुनेला म्हणाले, तुझी पाकिटं. सून काही बोलली नाही. तिने कपाटातून पाकिटं काढली. ती सीलबंद होती.

मग घरात शोध सुरू झाला. पोहे बघितले, तेल बघितलं, डाळ्या बघितल्या. तिसऱ्या दिवशी यजमानांनी फोडणीच्या डब्याजवळची हिंगाची पिवळी डबी उचलली, खिडकीपाशी गेले, तिकिटं बघायचं जुनं भिंग काढलं आणि मोठ्याने वाचलं. खाद्य गोंद. गव्हाचं पीठ. हिंग.

नियमाने घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, ज्याचं वजन जास्त ते आधी. म्हणजे हिंगाच्या डबीत हिंग तिसऱ्या नंबरावर! आणि दुसऱ्या नंबरावर जो बसला होता त्याला मी घराबाहेर काढलं असं सांगत वर्षभर हिंडत होते.

आता मला जरा हिंगावर बोलू द्या. अध्यक्ष घड्याळ बघतायत, पण हे ऐकाच.

मी तडक वाशीच्या मसाला मार्केटमध्ये गेले. तुमच्यापैकी अनेकजण तिथून मिरच्या आणता, पण हिंगाच्या पेढीवर बसून बघा एकदा. व्यापारी जुने, मस्जिद बंदरापासून धंद्यात. त्यांनी एक डबा उघडला आणि मी दोन पावलं मागे सरले. लालसर तपकिरी, ओलसर, लाखेसारखा गोळा. वास असा की डोळ्यांतून पाणी. हा खरा हिंग, हिरा हिंग. गाजर-बडीशेपेच्या कुळातलं झाड, त्याच्या जाड मुळाला चिरा देतात, चीक गळतो, तो वाळतो. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान, तिथून येतो. आपण जगात सगळ्यात जास्त हिंग खाणारे, आणि परवापरवापर्यंत आपल्याकडे त्याची लागवडच नव्हती. १५ ऑक्टोबर २०२० रोजी पालमपूरच्या सरकारी संस्थेने हिमाचलात लाहौलच्या क्वारिंग गावात पहिलं रोप लावलं. झाड चीक द्यायला पाचेक वर्षं घेतं. तोवर आपल्या वरणाचा वास बाहेरगावचाच.

व्यापाऱ्यांनी मला सुईच्या टोकाएवढा कण दिला आणि म्हणाले, एवढ्यात तुमची चार माणसांची आमटी होईल. घरात कोण एवढा कण मोजून घालणार? म्हणून हा चीक गोंदात आणि पिठात बांधतात, तो बांधानी हिंग. हाथरसला हाच मोठा धंदा आहे. ही भेसळ नाही, बरं का. कायद्याला मान्य आहे, शतकभराहून जुनी रीत आहे, आणि डबीवर लिहिलेलंही असतं. फक्त आपण वाचत नाही, कारण हिंग कोण वाचतं? खडा हिंग घेतला म्हणजे शुद्ध, असंही समजू नका. खडासुद्धा पुष्कळदा बांधलेलाच असतो. मी विचारलं, गव्हाऐवजी तांदळाच्या पिठात बांधलेला मिळेल? ते म्हणाले, मिळतो की, पण मागतं कोण. तुम्ही या महिन्यातल्या दुसऱ्या.

(श्रोत्यांतून प्रश्न : चिमूटभर हिंगाने खरंच काही होतं का?)

वा, याच प्रश्नाची वाट बघत होते. फळा नाही, तोंडी हिशेब करू. अंदाजे आहे, प्रयोगशाळेतला नाही. एक चिमूट पाव ग्रॅम धरा. तिच्यात फार तर निम्मं गव्हाचं पीठ, सव्वाशे मिलिग्रॅम. पिठात ढोबळ दहा टक्के ग्लुटेन, म्हणजे साडेबारा मिलिग्रॅम. ती आमटी पाचजणांत वाटली, प्रत्येकाच्या वाट्याला अडीच. सीलिअॅकच्या माणसाने दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या आत राहावं असं साधारण मानतात. अडीच म्हणजे ठीक, तुमचं बरोबर आहे. पण आता माझी डावी बाजू आठवा! आमटीला फोडणी, भाजीला फोडणी, कोशिंबिरीला फोडणी, चटणीला फोडणी, भज्यात हिंग, पापडात हिंग. सहा वेळा अडीच, पंधरा झाले. आणि लोणचं अजून यायचंय, तिथे चिमटी नसतात, चमचे असतात. रोजच्या साध्या जेवणात जी चूक लपते ती सणाला उघडी पडते, कारण सणाला डावी बाजू भरगच्च असते. चिवड्याला तर मी किलोला अख्खा चमचा टाकला होता.

आणि पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर आपल्याकडे मर्यादा किलोमागे वीस मिलिग्रॅम. किलोभर शेवेत वीस मिलिग्रॅम! मिठाची चिमूटही त्याच्या कितीतरी पट भरेल. म्हणजे मी ज्या शेवेच्या पाकिटाला हसले होते, ती शेव बेसनाची होती म्हणून नव्हे, तर तिच्या हिंगासाठी आणि गिरणीसाठी त्या शिक्क्याची गरज होती. वरच्या फळीवरून ते पाकीट काढून वाचलं. हिंग, कंसात तांदळाचं पीठ. मी सुनेची माफी मागितली. तोंडी नाही, तिच्यासाठी चहा केला. (हशा)

गिरणीचंही सांगते. आमच्या सेक्टरच्या गिरणीत दिवसभर गहू पडतो. त्याच जात्यातून माझी भाजणी. नातीचं सांगितल्यावर गिरणीवाले म्हणाले, ताई, एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळी या, उपवासाचं दळण असतं, तेव्हा आम्ही सगळं झाडून पुसून घेतो. मला हे फार आवडलं. उपवासासाठी धान्य वेगळं ठेवायचं, डबा वेगळा, झारा वेगळा, ही शिस्त आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, देवासाठी. तीच पोरीसाठी चालवायची. फक्त झाडण्या-पुसण्याने सगळा गहू जात नाही, म्हणून आम्ही शेवटी घरघंटी घेतली, आणि तिच्यात एकदाही गहू टाकलेला नाही.

(श्रोत्यांतून : खपली गहू चालतो ना?)

नाही. मला माहीत होतं कुणीतरी विचारणार. सांगलीच्या बाजूचे आहात का? (हशा) खपली सुंदर गहू आहे, खीर तिचीच करावी, पचायला हलकी म्हणतात, असेल. पण तो गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, आणि सीलिअॅकच्या माणसाला तो वर्ज्य. यावर दुकानदार काय सांगतात ते मला सांगू नका, मी त्यांच्याशी भांडून झालेय. थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरांत गहू असतो, वड्यांच्या पिठातही कुठे कुठे असतो. विचारून खा.

चिठ्ठी आली. दोन मिनिटं. अहो, कुरडई राहिलीच की! वाळवणाची तर स्वतंत्र वीस मिनिटं काढली होती. बरं, थोडक्यात. कुरडई गव्हाच्या चिकाची. तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक खाली बसतो त्यात पिष्ट जास्त, आणि ग्लुटेन बरंचसं चोथ्याबरोबर जातं. युरोपात कारखान्यात धुतलेलं, तपासलेलं गव्हाचं पिष्ट अशा रुग्णांच्या पावात वापरतातसुद्धा. पण आपल्या गच्चीवरचा चीक कुणी तपासलाय? तेव्हा कुरडई नको. सालपापड्या, साबुदाण्याच्या पापड्या, नाचणीचे पापड करा, ताटात तळणाची जागा रिकामी राहत नाही.

आणि एक महत्त्वाचं, हे चिठ्ठी असो नसो सांगणारच. माझं ऐकून उद्यापासून कुणी गहू बंद करू नका. ज्यांना शंका आहे त्यांनी आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची तपासणी करा, आणि ती होईपर्यंत गहू खात राहा. आधीच सोडला तर तपासणीत अनेकदा काही सापडत नाही, आणि मग आयुष्यभर धड आजारी नाही आणि धड बरे नाही. आमच्या नातीचं एक वर्ष ‘जंत झालेत’ या निदानात गेलं. ते कुणी केलं हे सांगण्यात आता अर्थ नाही.

पाकिटांबद्दल माझा निकाल उरलाय, तो देते. चकली घ्या, चांगली आहे. शेव आणि चिवडा घ्या, पण शिक्का आणि घटक दोन्ही वाचून. लाडू घरी करा. शंकरपाळे आणि करंज्या घेऊ नका, सणाची चव बिघडते. वाचलेल्या पैशांतून तांदळाच्या पिठीतल्या हिंगाची डबी आणा, आणि जुनी डबी कामवालीला देऊ नका, तिच्याही घरात पोरं आहेत, आधी विचारा.

संपवते. मागच्या टेबलावर चहाबरोबर चकल्या ठेवल्यात. स्टीलच्या ताटातल्या पाकिटातल्या आहेत, परडीतल्या माझ्या, दोन्ही खाऊन बघा. निळ्या झाकणाचा डबा आणि त्याच्याजवळचा चमचा मात्र कुणी उचलू नका. नात तिसऱ्या रांगेत बसलीय, तो तिचा आहे.